स्क्रीनवर तर निळाच होता!

आमच्या प्रेसमधली रद्दी दर शनिवारी टेम्पो येऊन घेऊन जातो. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते साचत राहतात. एवढ्याशा नोकरीत माझ्याकडे इतके साचलेत की मैत्रिणी भेटल्या की "कशी आहेस" राहिलं बाजूला, "आज कुठला रंग फसला?" असं विचारतात. मग मी सांगत सुटते आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

आधी थोडी ओळख. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आमची ऑफसेट प्रेस आहे. पत्रिका, पाकिटं, मेनू कार्ड, ब्रोशर, जे येईल ते छापतो. मी रंगाच्या टेबलावर बसते. म्हणजे कस्टमरने कॉम्प्युटरवर जो रंग पाहिलाय, तोच कागदावर आणून द्यायचा. सोपं वाटतं ना? अप्लाइड आर्टची डिग्री हातात घेऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं!

आणि मी आहे पटकन दचकणारी. कुकरची शिट्टी मला रोज नव्याने होते. अशा मुलीने प्रेसमध्ये नोकरी का धरावी, हे आईने विचारून झालंय, आता तुम्ही विचारू नका.

* * *

पहिल्या दिवशी सामंत सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला मशीनजवळ नेऊन एक छापलेला कागद दाखवला.

"ही ओके शीट. मशीन चालू झालं की पहिले शंभरेक कागद रंग जुळवण्यात जातात. जुळला की त्या कागदावर सही करायची. सही झाली की गावडे मशीन सोडणार, मग सगळा माल छापून होईपर्यंत थांबणार नाही. माल परत आला तर ही शीट काढायची आणि बघायचं, सही कोणाची. ज्याची सही त्याची मान!"

"सर, पण सही कोण करणार?"

"तू."

तेवढ्यात मागच्या कंप्रेसरने 'फुस्स' केलं आणि मी किंचाळले.

सर तसेच शांत. "सहा महिने ट्रायल. तेवढ्यात रंगावरून तीन जॉब परत आले तर हे टेबल दुसऱ्याला. तुझ्याआधीचा चार महिने टिकला."

मी आधारासाठी गावडे काकांकडे पाहिलं. काका आमचे मशीनमन. मूळचे कुडाळचे, जन्म गेला शाईत. चेहरा असा प्रेमळ की वाटलं, हे काहीतरी धीराचं बोलतील.

काका म्हणाले, "भिऊ नको गो. तेच्या आदलो तर दीड म्हयन्यात पळालो."

* * *

पहिला जॉब परत आला तो बोरिवलीच्या एका गृहस्थांचा. मुलीच्या लग्नाची पत्रिका. डिझाइन त्यांना फोनवर पाठवलं, त्यांनी "मोतिया रंग एकदम झकास" म्हणून ओके दिला. आम्ही मोतिया छापला. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन हजर! "हा मोतिया? हा तर हॉस्पिटलचा पांढरा आहे! मी ओके केला तो छान पिवळसर होता."

मी माझी स्क्रीन दाखवली. पत्रिका आणि स्क्रीन अगदी सारखे. त्यांनी त्यांचा फोन दाखवला, त्यावर खरंच पिवळसर! सरांनी बोलणं वाढवलं नाही, पत्रिका फोनसारखी पिवळसर करून पुन्हा छापून दिली. हिशोबाच्या फळ्यावर नाही, पण सरांच्या डोक्यात माझ्या नावापुढे एक रेघ पडली.

नवा माल न्यायला ते आले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "काका, फोन जरा बघू?" आणि सापडलं! फोनमध्ये डोळ्यांना त्रास नको म्हणून असतो तो पिवळा मोड चालू होता. मुलाने दोन वर्षांपूर्वी लावून दिला होता, यांना पत्ताच नाही. मी बंद केला. सगळा फोन भस्सकन पांढरा झाला.

ते बघतच राहिले. मला वाटलं, आता सॉरी म्हणतील. तर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले आणि म्हणाले,

"अरे देवा! म्हणजे फोनवर बघून मागवलेला सोफा बरोबरच आला होता! दोनदा परत पाठवला मी तो!"

* * *

दुसरा जॉब. हा मात्र सगळा माझाच प्रताप.

मुलुंडच्या एका डेंटिस्टचं ब्रोशर. त्यावर आठ हसरे चेहरे. आमच्याकडे रंग बघायचं एक खोकं आहे, आतून राखाडी, वर ठरावीक पांढरा दिवा. त्यात कागद ठेवायचा आणि शेजारच्या स्क्रीनशी ताडून बघायचा. त्या दिवशी बघते तर सगळे चेहरे लालसर! जणू आठही जणांना कोणीतरी कानाखाली वाजवलीय.

"काका, लाल कमी करा!"

काकांनी केला. मी वाकून बघितलं. अजून लाल.

"अजून कमी करा, काका!"

"अजून?" काका चष्म्यावरून बघत म्हणाले. पण आमच्याकडची पद्धत अशी की मशीनमन टेबलाशी वाद घालत नाही. "रंग टेबलाचो, हात माझो," असं ते म्हणतात. त्यांनी आणखी कमी केला. शेवटी एकदाचं जुळलं. मी सही ठोकली.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन. आवाज अतिशय सभ्य.

"मॅडम, ब्रोशर मिळालं. एकच शंका आहे. हे हिरव्या हिरड्यांचे पेशंट माझ्याकडे येण्याआधीचे आहेत की नंतरचे?"

मी धावत जाऊन ओके शीट खोक्यात ठेवली. चेहरे अगदी स्क्रीनसारखे, हिरवं कुठेच नाही! काकांना हाक मारली. काका आले, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला खांद्याला धरून दोन पावलं मागे नेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत आठही चेहरे हिरवे पडले!

"अगो चेडवा," काका म्हणाले, "लाल कागद नाय. लाल तू आसस!"

अंगात राणी रंगाचा कुर्ता होता. परवासारखाच. नवीन म्हणून आठवड्यात दोनदा घातला होता. मी वाकले की त्याची छटा सरळ कागदावर पडत होती, आणि मी माझ्या कुर्त्याचा रंग पेशंटांच्या तोंडातून काढत बसले होते.

दोन रेघा झाल्या. तेव्हापासून मी कामावर फक्त राखाडी शर्ट घालते. असे चार आहेत. आई म्हणते, "कॉलेजात असताना रोज वेगळा ड्रेस हवा होता, आता कमावायला लागलीस तर एकच शर्ट?" चार आहेत हे तिला आजही पटलेलं नाही.

* * *

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी डोक्यात बसली, तीही काकांमुळे. मी रडवेली होऊन विचारलं होतं, "काका, स्क्रीनवरचं कागदावर जसंच्या तसं का येत नाही हो?"

काका कापडाने बोटं पुसत म्हणाले, "स्क्रीन उजेड फेकता. कागद उजेड खाता. देणारो नि खाणारो, दोगांक एका पंगतीत बसवूचा म्हणजे वाढणाऱ्याची परीक्षा!"

कॉलेजात यावर मला आख्खं सेमिस्टर होतं. तीन पुस्तकं होती. या एका वाक्याएवढं काही त्यात नव्हतं.

* * *

तिसरी रेघ पडता पडता वाचली ती विपुलभाईंच्या चिवड्यावर. विपुलभाईंचं घाटकोपरला फरसाणचं दुकान. पाकीट पिवळंधमक हवं होतं. खोक्यात बघितलं, स्क्रीनशी जुळवलं, राखाडी शर्ट घालून सही केली. सकाळी फोन!

"बेन, तुमच्या इथे पिवळा, माझ्या दुकानात हिरवा! मी चिवडा विकतो, शेवाळ नाही! माल परत पाठवतो!"

माझी तर वाटच लागली. "परत नका पाठवू! मी येते!" म्हणाले आणि खरंच गेले. मी घाटकोपरचीच, दुकान घरापासून पंधरा मिनिटांवर. बघते तर पाकीट खरंच हिरवट. पण विपुलभाईही हिरवट! गल्ल्यावरचा गणपती हिरवट! वर बघितलं, तर आदिकाळातली एक ट्यूबलाइट, हिरवा उजेड ओकत होती.

"विपुलभाई, पाकीट नाही, ट्यूब खराब आहे. बदला ना."

"ट्यूब का बदलू? अकरा वर्षं चालतेय!"

मी पाकीट घेऊन बाहेर उन्हात गेले. तिथे पिवळंधमक! विपुलभाई आत-बाहेर, आत-बाहेर, पाच वेळा. माल परत आला नाही.

पण पुढच्या पाकिटाच्या वेळी स्कूटरवरून स्वतः मरोळला आले. पाठीला चार फुटांचं काहीतरी बांधलेलं. माझ्या टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हणाले,

"बेन, या वेळेस भांडण नको. हा घ्या माझा उजेड!"

* * *

मधे एक छोटासा. आईबरोबर बाजारात गेले होते. टोमॅटो उचलला, उजेडात धरला आणि तोंडातून निघून गेलं, "यात राणी कमी पडलाय."

भाजीवाली मावशी म्हणाली, "ताई, घ्यायचा तर घे. आम्ही पिकवलाय, छापलेला नाही!"

* * *

हिराबायचा किस्सा माझ्या आवडीचा. हिराबाय मनोरीची. तिथे तिची खानावळ आहे, सुट्टीत आलेले लोक जेवायला येतात. मेनू कार्डावर तिला ताज्या मासळीचा मोठा फोटो हवा होता. पापलेट, बांगडे, कोळंबी, सगळं हारीने मांडलेलं.

मी नमुन्याचा कागद काढून दाखवला. स्क्रीनशी तंतोतंत. मी खूश.

हिराबायने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "बाय, कधी मेली ही मासली?"

"काय?"

"पापलेटची चांदी पिवली पडलीय. चार दिस झालेत हिला. माज्या मांजरीला पन मी घालायची नाय, गिऱ्हाइकाला दाखवू?"

मी म्हटलं, "पण स्क्रीनवर बघा ना, सेम आहे!"

"स्क्रीनवर पन शिलीच हाय! तुज्या फोटोवाल्याने कधी काढला तो फोटो, दुपारी?"

दुपारीच काढला होता! हिराबाय कागद टेबलावर ठेवून निघून गेली. आता जॉबच गेला, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजर! पहाटेचा माल घेऊन फेरीबोटीने मार्वेला, तिथून रिक्षाने थेट मरोळ. बर्फाचा डबा उघडला, एक पापलेट शेपटीला धरून काढलं आणि आमच्या त्या राखाडी खोक्यात, ठरावीक पांढऱ्या दिव्याखाली, आडवं ठेवलं.

"हां. आता ह्याला बघून जुलव."

सामंत सर केबिनमधून नाकाला रुमाल लावून बाहेर आले, बघितलं, परत आत गेले. पण मला इतकी मजा कधी आली नव्हती! आयुष्यात पहिल्यांदा स्क्रीन बंद केली. पिवळा कमी केला, चांदीत निळ्याची झाक चढवली, कल्ल्यात लाल भरला. काका मशीनवरून ओरडून विचारत होते, "कल्लो किती लाल?" आणि मी मासा उचलून दाखवत होते, "एवढा!"

कागद निघाला. हिराबायने तो टेबलावर पसरला, बाजारात दाबतात तसा छापील पापलेटच्या कल्ल्याजवळ अंगठा दाबला आणि मान हलवली.

"हां! ही आजची!"

पापलेटचं काय झालं, असं सगळे विचारतात. ते काकांनी डब्यासकट घरी नेलं. म्हणाले, "रंग तुम्ही जुळवलात. चव मी जुळवतंय."

* * *

आता तो निळा.

ट्रायलचा शेवटचा महिना. दोन रेघांवर मी सांभाळून चालले होते. आणि आमच्या वस्तीत जयंतीच्या तयारीची मीटिंग झाली. पप्पा मंडळाचे सेक्रेटरी. पत्रिकेचा विषय निघाला तसे ते चाळीस माणसांसमोर उभे राहून म्हणाले, "आमची प्रज्ञा प्रेसमध्ये रंगाचंच काम करते. यंदा निळा निळाच येणार!"

टाळ्या! मी मागे बसून बिस्कीट खात होते, ते घशात अडकलं.

कारण ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, निळा म्हणजे छपाईतला खलनायक. स्क्रीनवर तो दिव्यासारखा पेटतो. छापताना आकाशी आणि राणी अशा दोन शाया एकमेकींवर चढवून तो करायचा. राणी थोडी वाढली की जांभळा, थोडी घटली की आकाशी. मधला जो आपला निळा, तो हाताला लागतच नाही. आमच्या वस्तीच्या पत्रिका वर्षानुवर्षं जांभळ्या येत होत्या. लोक चिडायचे, प्रेसवाला म्हणायचा, "स्क्रीनवर तर निळाच होता!" मग तशाच वाटल्या जायच्या.

सामंत सरांना सांगितलं. त्यांनी डिझाइन पाहिलं, पेन खिशात ठेवलं. "हा निळा परत येतो, प्रज्ञा. मी प्रेस सुरू केल्यापासून बघतोय. परत आला तर तिसरा होईल. घ्यायचा का नाही, तू ठरव."

"आपण नेहमीच्या चार शायांत न छापता निळ्याची वेगळी शाई बनवली तर? ती नुसती एकटी छापायची?"

"पत्रिकेसाठी? त्यासाठी आख्खं मशीन धुवावं लागेल. गावड्यांना विचार."

काका कापड झटकत म्हणाले, "धुवूया. मशीनाक पण कधीतरी आंघोळ व्हयी."

आता प्रश्न, जुळवायचं कशाशी? स्क्रीनवर माझा विश्वास उरला नव्हता. मी गेले बनसोडे आजोबांकडे. मंडळातले सर्वांत वयस्कर. जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात काम केलेलं. पत्रिकेवर सर्वांत जास्त चिडणारे तेच.

"आजोबा, आपला निळा नेमका कुठला?"

आजोबांनी विहारातल्या कपाटातून घडी करून ठेवलेला जुना निळा झेंडा काढला. उन्हाने तो फिका पडला होता. मी म्हटलं, "पण हा तर..."

"वरचा बघू नको. तो उन्हाने खाल्लाय." त्यांनी काठाची शिवण नखाने अलगद उचकटली आणि दुमड उलटी केली. आत बोटभर रुंदीची पट्टी, जिला ऊन कधी लागलंच नव्हतं. "हा."

मी बघतच राहिले. इतका निळा!

पांढऱ्या कापडात गुंडाळून झेंडा मांडीवर घेऊन मेट्रोने निघाले. स्टेशनवर सिक्युरिटीवाल्या बाईंनी एकदम विचारलं, "इसमें क्या है?" आणि मी दचकून म्हणाले, "निळा!"

प्रेसमध्ये काकांनी आधी साबणाने हात धुतले, मग कापड उघडलं. काचेवर निळी शाई घेतली, सुरीने घोटली, त्यात आकाशीचा एक थेंब, काळ्याचं एक बोट. बोटाने कागदावर थापायचं, वाळू द्यायचं, पट्टीशेजारी धरायचं. ओली शाई एक सांगते, वाळली की दुसरंच. सतरा थापा झाल्या. अठरावी वाळली आणि पट्टीशेजारी ठेवली तेव्हा कागद कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं, ते कळेना.

मशीन लागलं. कागद निघाला. काकांनी तो माझ्यासमोर धरला. "सही?"

सर केबिनच्या काचेतून बघत होते. ती सही अशी वेडीवाकडी उमटली की कोर्टातसुद्धा मी ती माझी म्हणून ओळखली नसती. पण केली. काकांनी मशीन सोडलं. कंप्रेसरने 'फुस्स' केलं. आणि सांगते, मी हललेसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी माल न्यायला पप्पा आले. बरोबर बनसोडे आजोबा, काखेत प्लॅस्टिकची फाइल. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी आमच्या खोक्याकडे बघितलंही नाही. सरळ बाहेर, गेटजवळच्या कठड्यापाशी, उन्हात. आम्ही सगळे मागोमाग. सरही.

आजोबांनी फाइल उघडली. आत मागच्या कित्येक वर्षांच्या पत्रिका, एकूण एक जपून ठेवलेल्या. त्यांनी त्या कठड्यावर ओळीने मांडल्या. "हे जांभूळ. हे वांगं. ही कांद्याची साल. ही तर सरळ द्राक्षं!" पप्पांनी मान खाली घातली. ओळीच्या शेवटी आजोबांनी आमची पत्रिका ठेवली.

आजोबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. पत्रिका उचलली, कलती केली, सरळ केली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: तिसरा, तिसरा, तिसरा.

"साहेब, हा रंग कोणी केला?" त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "शीटवर सही तिची आहे. जे असेल ते तिलाच सांगा."

आजोबा माझ्याकडे वळले. कठड्यावरच्या सगळ्या जुन्या पत्रिका गोळा केल्या, कडा नीट जुळवल्या, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"मग बाळ, ह्या पण पुन्हा छापून दे."